शिवेवरचं कोठार

"तुझी आई नेमकी कुठल्या बाजूला बाळंत झाली, तेवढं सांग म्हणजे सुटलो," हंफ्री गॅस्किनने तिसऱ्यांदा विचारलं. अर्सुला पिनॉकनेही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, की त्या वेळी ती फार लहान होती.

गॅस्किन एल्मकोट गावचा कॉन्स्टेबल. धंदा खोगिरं शिवण्याचा. ही बिनपगारी कटकट यंदा पाळीने त्याच्या गळ्यात आली होती. कोठारातल्या पेंढ्याच्या पलीकडे थर्लो, शेजारच्या विदरी गावचा कॉन्स्टेबल, एरवी पिठाची गिरणी चालवणारा. आणि दोघांच्या मधोमध अर्सुला. साठी उलटलेली, पायांना चिंध्या गुंडाळलेली. पाठीवरचे वळ अजून झग्याला चिकटत होते.

भीक मागताना सापडली म्हणून शहरात तिला फटके मारले होते आणि वर हातात एक दाखला दिला होता: बारा दिवसांत जन्मगावी पोचावं, त्या गावाने तिला पोसावं. मुदत टळली तर जिथे सापडेल तिथे पुन्हा फटके. आज बारावा दिवस. उन्हं कलली होती आणि अर्सुला सकाळपासून याच कोठारात उभी होती. तिचा जन्म इथलाच, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. भानगड एवढीच होती, की दोन गावांची शीव कोठाराच्या पोटातून जात होती.

ती शीव मात्र दोन्ही गावांना बोटाबोटाने पाठ. दर वसंतात पाद्रीबुवांना पुढे घालून अख्खं गाव शिवेवरून चालतं, आणि कोठार आडवं आलं म्हणून कोणी वळसा घेत नाही. दारातून आत शिरायचं, मधल्या खांबावर काठी आपटायची आणि समोरच्या खिडकीतून एकेकाने बाहेर उतरायचं. पाद्रीबुवांनीसुद्धा, पोट आत ओढून. मूठभर माती इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. माणूस मात्र दोघांनाही नको होतं.

शेवटी गॅस्किन जाऊन मॉड व्हिटकला धरून घेऊन आला. मॉड ऐंशीच्या घरातली सुईण. ते बाळंतपण तिच्याच हातचं. म्हातारीला सगळं आठवत होतं. वाटेतच कळा सुरू झाल्या, बाईला उचलून इथे आणली, पेंढ्यावर निजवली. डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे. म्हणजे बरोब्बर शिवेवर. गॅस्किनने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि मूल कुठल्या अंगाला घेतलंस, आजी?" थर्लोने विचारलं.

म्हातारीची काठी डावीकडे, एल्मकोटच्या बाजूला उचलली गेली. गॅस्किन खोकला. मॉडला दर रविवारी चर्चच्या दारात पाव मिळत असे, तो एल्मकोटचा. काठी हवेत जराशी थबकली आणि उजवीकडे वळली.

"तिकडं," म्हातारी म्हणाली. तिने अर्सुलाकडे पाहिलं नाही.

थर्लो उसळलाच. हिला दारातली गाय दिसत नाही, साठ वर्षांपूर्वीचं मूल कसं दिसतं, असं त्याने विचारलं. गॅस्किन म्हणाला, पाहिलं तेव्हा डोळे चांगले होते. मग दोघांची अशी जुंपली, की अर्सुलाला वैताग आला. ती सरळ चालत गॅस्किनच्या बाजूला गेली. त्याने तिला दंडाला धरून शिवेवर परत आणून ठेवलं. ती थर्लोच्या बाजूला गेली. त्यानेही तेच केलं, फक्त जरा जोरात.

"मग मारा तरी," ती म्हणाली. "मुदत संपलीच आहे. मारा आणि नवा कागद द्या. पण कुठंतरी पाठवा मला."

थर्लोने त्याच कामासाठी दोरी आणलेली होती. त्याने ती गॅस्किनपुढे धरली. गॅस्किनने हात मागे घेतले. ज्याने मारायचं, त्याने 'ही माझ्या गावात सापडली' असं लिहून सही करायची. आणि एकदा सही केली की बाई जन्माची गळ्यात. फटके मारायची एवढी हौस असलेल्या त्या राज्यात, त्या संध्याकाळी फटके मारायलाही कोणी पुढे येईना.

अखेर भिजत घोंगडं सोमवारवर गेलं. सोमवारी मॅजिस्ट्रेटसाहेब काय तो निवाडा करतील. तोवर दोन रात्री बाईने कोठारात, खांबापाशी, शिवेवरच राहायचं. ना याच्या गावात, ना त्याच्या. जिकडे रात्र काढली तिकडची, असं उद्या कोणी म्हणायला नको.

गॅस्किनला बहुधा वाईट वाटलं. त्याने पायाने थोडा पेंढा ओढून शिवेवर सारखा केला. आपल्या हातात असतं तर, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याचे दोन्ही हात मोकळेच होते. मॉड कधीच निघून गेली होती.

अर्सुला पेंढ्यावर आडवी झाली. डोकं खिडकीकडे, पाय दाराकडे. दोघं दारापर्यंत पोचले, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "आणि झोपेत कूस बदलली तर?"

दोघंही थबकले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं न भांडता एकमत झालं होतं.

थर्लोने दोरीचं एक टोक धरलं, गॅस्किनने दुसरं.