बाळाचं क्रीम

"परवा आणलेली ट्यूब आहे ही, मावशी. परवा!"

सुनेचा आवाज बाथरूमच्या बंद दारातून आत आला. आजोबा एक हात भिंतीला टेकवून उभे होते. पायजमा घोट्यापाशी, दुसऱ्या हाताच्या बोटावर पांढरं क्रीम. सकाळपासूनची ही सहावी खेप. पोटावर लावलेली शौचाची पिशवी काढून, ऑपरेशनने आतडं पुन्हा जोडल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेला मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. साबण लावून, टॉवेलने खसाखसा पुसून ते स्वतःला स्वच्छ करत. मग आणखीच जळायचं.

"एवढ्याशा जिवाला किती क्रीम लागतं ते मला कळतं," सून बोलतच होती. "आधीची ट्यूब आठवड्यात संपली, मी काही म्हटलं नाही. ही दोन दिवसांत अर्धी! जाते कुठे?"

बाळाला सांभाळणाऱ्या मावशींच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"तुमच्या मुलीलाही बाळ झालंय ना आत्ता?"

"हो."

"मग?"

"ताई, मी तुमच्या घरातलं काही नेलेलं नाही."

"मागितलं असतं तर दिलं असतं हो मी. पण हे असं न सांगता… जाऊ दे. उद्यापासून येऊ नका. मी दुसरं कोणी बघते."

नळ सोडावा, म्हणजे ऐकू येणार नाही, असं आजोबांच्या मनात आलं. त्यांनी नळ सोडलाही. बादलीत पाणी धो धो पडू लागलं. आता बाहेरचं काहीच ऐकू येईना, आणि तेच त्यांना सोसेना. त्यांनी नळ बंद केला. नाडी बांधायला वेळ लागला. बोटं क्रीमने निसरडी झाली होती.

बाहेर बाळ चटईवर उताणं पडून पाय झाडत होतं. मावशी गुडघ्यांवर बसून त्याचा लंगोट सोडत होत्या. सून ऑफिसची पर्स खांद्याला लावून उभी. पिळून अर्धी चपटी झालेली ट्यूब तिच्या हातात.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "ते… मी घेतो."

याच आवाजाने त्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. आत्ता तो समोरच्या माणसापर्यंतसुद्धा धड पोचला नाही.

"काय घेता, बाबा?"

"क्रीम."

"तुम्ही? कशाला?"

आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "जळतं," ते म्हणाले.

"कुठे?" सुनेने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिनेही कॅलेंडरकडे बघितलं.

"दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. सगळं सोलवटलंय."

"अहो, मग सांगायचं नाही का? परवा डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, काही त्रास आहे का म्हणून. तुम्ही म्हणालात, एकदम झकास!"

"तू शेजारी बसली होतीस."

सुनेने हातातली ट्यूब हळूच चटईवर ठेवली. "मावशी, मी…" एवढंच म्हणून ती थांबली.

"तुम्हाला उशीर होतोय ना, ताई," मावशी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. सून मात्र गेली नाही. पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीच्या कडेवर टेकली.

आजोबा मावशींकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"टॉवेलला क्रीम लागलेलं असतं. तुमचे टॉवेल मीच मशीनला लावते."

आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते टॉवेल आपण गुंडाळून, सगळ्या कपड्यांच्या तळाशी कोंबतो म्हणजे कोणाला दिसत नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

"मग बोलला का नाहीत? काम गेलं असतं तुमचं."

"बोलले असते तर तुम्ही लावायचं सोडलं असतं."

दोन्ही बायका समोर, आणि पायजम्याच्या आत आग. आजोबा खाली मान घालून आपल्या खोलीकडे निघाले.

"बाळराजे," मागून मावशींचा आवाज आला, जरा मोठ्याने, "साबण नाही हं लावायचा तिथे. नुसतं कोमट पाणी."

आजोबा थांबले.

"आणि घासायचं तर मुळीच नाही. मऊ कापडाने टिपायचं. असं. मग जरा वारं लागू द्यायचं. पार कोरडं झालं की मग क्रीम. पातळ थर, चोळायचं नाही." बाळाने पाय उडवले. मावशींनी ते एका हातात धरले. "पुढच्या खेपेला सगळं खरवडून काढायचं नाही. घाण झालेलं तेवढं टिपून घ्यायचं, खालचं क्रीम राहू द्यायचं. तेच कातडीला जपतं. आणि चार दिवसांत उतार पडला नाही, तर लाजायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. काय?"

बाळ हसलं. खुर्चीत सुनेने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

आजोबा दारात पाठमोरे उभे होते. जरा वेळाने ते अर्धे वळले. मावशींकडे नाही, सुनेकडेही नाही, चटईवरच्या नातवाकडे बघून त्यांनी विचारलं,

"किती वेळ वारं लागू द्यायचं रे?"