आजोबांची बंदूक

नेमबाजीच्या सरावाहून लेक पुन्हा काळानिळा खांदा घेऊन घरी आली.

"दस्ता लांब पडतोय बाबा, खांद्यात नीट बसतच नाही. थोडा कापून घेऊ या ना."

"आजोबांच्या बंदुकीला करवत?" बाबा कडाडले. "ती होती तश्शीच राहील! दादा कधी कुरकुरला का? तुझाच खांदा नाजूक!"

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामी बंदूक टेबलावर आडवी ठेवून तिने दस्त्याच्या मागच्या टोकावर चढवलेलं रबरी टोपण काढलं. आत वेगळ्याच लाकडाचा, चांगला दोन बोटं रुंद जोड होता.

"ते... दादाला आखूड पडत होती, म्हणून," बाबा पुटपुटले.

"मग करवत नकोच." तिने स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. "दादाचा जोड तेवढा काढा. आजोबांची बंदूक होती तश्शी होऊ दे."