वसतिगृहाचा राउटर

विद्यापीठात वायफायचे राउटर आले. कुलगुरू साहेबांच्या बंगल्याला तीन, मुलींच्या वसतिगृहाला शून्य! नेटवर्क सांभाळणाऱ्या तृप्तीनं भांडून एक मिळवला, तर तो साहेबांच्या सहीसाठी महिनाभर स्टोअरमध्येच पडून. आणि परीक्षेचे फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस.

दुपारी वसतिगृहातून सुरगाण्याच्या हर्षालीचा फोन आला. "मॅडम, वायफाय आलं ना! माझा फॉर्म गेला पण!"

तृप्तीनं स्क्रीन पाहिली. वसतिगृहाच्या राउटरच्या नावापुढे 'चालू'चा हिरवा ठिपका होता.

ती स्टोअरकडे धावली. राउटरचा खोका फळीवरच होता, सील शाबूत. तिनं हात ठेवला आणि झटकन काढला. खोका तापला होता.

स्टोअरकीपर सुनीलभाऊंनी कात्री उचलली. "उघडून बघू?"

"हात लावाल तर खबरदार, भाऊ! अजून अकरा पोरींचे फॉर्म राहिलेत."