सतरावी ओळ

चार वाजले आणि सतराव्या ओळीत परत ‘आली’ उमटलं.

उन्नतीनं तो चौकोन सकाळीच स्वतःच्या हातानं कोरा केला होता. कालही केला होता, परवाही. तरी बरोबर चारच्या ठोक्याला शिवाकाकाच्या ‘गोजराई’पुढे तीच दोन अक्षरं.

‘गोजराई’ बेपत्ता होऊन आज चौथा दिवस होता.

मोरा बंदरातल्या एकवीस होड्यांचं हे शीट तिनंच बनवलं होतं, नववीच्या सुट्टीत. निघताना नाखव्यानं मच्छीमार सोसायटीच्या फोनवर मेसेज टाकायचा, परतला की पुन्हा टाकायचा. चार वाजता तिचा प्रोग्रॅम प्रत्येक होडीचा शेवटचा मेसेज उचलायचा. ‘निघालो’ असेल तर ‘बाहेर’. ‘आलो’, ‘लागलो’, ‘येतो’, ‘पोचलो’, असलं काहीही असेल तर ‘आली’. मग एकवीस नोंदी एकाच गठ्ठ्यात शीटवर. एकेक भरत बसायची भानगडच नाही. गठ्ठ्यातली एक नोंद बिघडली तर एकवीसही परत, अर्धवट काही नाही. याचा तिला भारी तोरा होता. सोसायटीनं नारळ देऊन सत्कार केला तेव्हा सगळ्यांत मोठी शिटी शिवाकाकानंच मारली होती.

शुक्रवारी चारला सगळ्या ओळी ‘आली’ झाल्या आणि सोसायटीचं ऑफिस बंद झालं. दिवेलागणीला काका घरी नाही म्हणून लोक धक्क्यावर गेले, तर ‘गोजराई’ची जागा रिकामी.

पण ती आली तर होती. म्हणजे जे झालं ते बंदराच्या तोंडाशीच. दोन दिवस सगळ्या होड्या तिथंच गळ ओढत फिरल्या. बाहेरच्या पाण्यात कोणी गेलं नाही, जाईल कशाला? एक फळीसुद्धा मिळाली नाही. दारापर्यंत आला आणि नाहीसा झाला, असं गाव दबक्या आवाजात बोलू लागलं.

होडीवर हाताखाली काम करणारा विपुल रोज काकासोबत जायचा. नेमका शुक्रवारी तापानं घरी राहिला. सतरावी ओळ रोज आपोआप भरते हे कळल्यापासून तो शीटकडे बघेना.

“काकाच्या फोनवरून मेसेज मीच लिवायचो,” तो म्हणाला. “आता कोन लिवतंय?”

गोजराआजी मात्र रोज चारला लेकाचं ताट वाढायची. आज पाचला मीटिंग होती, शोध थांबवायची. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब यांनी उन्नतीला सांगितलं होतं, ओळ काढून टाक.

“काढू नको,” आजी ताटावर झाकण ठेवत म्हणाली. “रोज चारला सांगतंय ना तो?”

उन्नतीनं ओळ काढली नाही. त्याऐवजी गठ्ठा शीटवर जाण्याआधी आत काय आहे ते दाखव, असं प्रोग्रॅमला सांगितलं आणि तो पुन्हा चालवला.

सतरावी नोंद: आली.

शीट आपोआप भरत नव्हतं, गठ्ठ्यातूनच भरत होतं. आणि गठ्ठ्यात मेसेजशिवाय काहीच जात नाही. काकाच्या फोनवरून निरोप येत होता. चार दिवस पाण्यात असलेल्या फोनवरून.

की पाण्यात नसलेल्या?

तिनं चपला पायात सरकवल्या. “आजी, ऑफिसात जाते.”

“जाते कोन बोलतं गं उंबऱ्यात? कवा शिकशील? येते बोल.”

“येते, येते,” म्हणत ती पळाली.

ऑफिसात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. विपुल दारातच उभा होता.

“काय गं इंजिनियर, काढलीस ओळ?” रावसाहेबांनी विचारलं.

“मेसेजचा फोन द्या.”

“कशाला? तुझं शीट आल्यापासून मेसेज कोण वाचतंय? मी नुसता चार्जिंगला लावतो.”

“काका मेसेज करतोय. कुठंतरी आहे तो. मीटिंग थांबवा.”

रावसाहेबांनी ड्रॉवर उघडून फोन तिच्यापुढे ठेवला. विपुल जवळ आला, पण स्क्रीनकडे न बघता.

उन्नतीनं काकाचं नाव शोधलं. विपुलनं लिहिलेले मेसेज भराभर वर सरकले. निघालो. आलो. निघालो. आलो. शनिवारचा नव्हता. रविवारचा नव्हता. आजचाही नव्हता. सगळ्यात खाली एकच होता, शुक्रवारचा, काकानं स्वतः लिहिलेला. पहाटे चार वाजून बारा मिनिटांचा.

‘येतो.’