खटका कुणाच्या भिंतीवर

“खटका माझ्या भिंतीवर नको,” खंडोजी म्हणाले. “त्याच्या भिंतीवर लाव.”

वायरमन बसवंत पक्कड हातात धरून थांबला. तो निपाणीकडचा. बंगळुरात येऊन त्याला चार वर्षं झाली होती आणि या दोन भावांचं प्रकरण त्याला पाठ होतं. एकाच घरात मधून भिंत घालून दोन घरं केलेली. अलीकडे थोरले खंडोजी, पलीकडे धाकटे व्यंकोजी, पुढचं अंगण तेवढं सामाईक. आईचं श्राद्ध कुणाच्या चुलीवर व्हायचं यावरून तीन वर्षांपूर्वी दोघांचं बोलणं बंद झालं. तेव्हापासून ती माउली एकाच तिथीला दोन घरी जेवते.

व्यंकोजी चार हातांवर आपल्या दारात उभे होते. तरी खंडोजी बसवंताकडेच बघून बोलले.

“त्याला सांग, माझ्या भिंतीला ओल आहे. त्याची भिंत कोरडी ठणठणीत. तेवढी जागा देत असला तर देऊ दे.”

“धाकटे अण्णा, थोरले म्हणतात की...”

“ऐकलं. मी काही बहिरा नाही.”

पासष्ट सालचा डिसेंबर होता. पावसानं दगा दिला होता, धरणं भरली नव्हती, आणि रोज संध्याकाळी दोन-दोन तास करंट गुल होत होता. खंडोजींनी शिवाजीनगरातल्या लष्करी भंगारवाल्याकडून वीज तयार करणारं एक जुनं इंजिन उचलून आणलं. आपल्याला बुवा अंधारात करमत नाही, असं ते गल्लीभर सांगत सुटले होते. आता त्यांच्या अंगणात कुणाला करमायचं नाही एवढा त्या इंजिनाचा आवाज, ही गोष्ट निराळी.

व्यंकोजींच्या घरात मात्र अंधार म्हणजे करमण्या-न करमण्याची बाब नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर भाग्यलक्ष्मीला मुलगी झाली, तीही सातव्या महिन्यात. ओंजळीत मावेल एवढी. लाकडी पेटीत कापूस घालून तिला ठेवलं होतं, वर दोन बल्ब. पेटी गार पडू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. करंट गेला की नवरा-बायको गरम पाण्याच्या बाटल्या भरत धावायची. काल एवढं धावूनही पोरीचे ओठ निळे पडले होते.

खंडोजींच्या बायकोनं, सकवारबाईंनी, बारशाचीही वाट न बघता लोकरीची शाल पाठवली होती. व्यंकोजींनी ती घडीसकट परत केली. प्राण गेला तरी त्या घरचं सूतसुद्धा घेणार नाही, म्हणाले. भाग्यलक्ष्मी रात्रभर रडली. पण नवऱ्याचा हट्ट म्हणजे हट्ट. हे भोसले घराणं शहाण्यासारखं वागलं असतं तर मधली भिंत कशाला घालावी लागली असती?

बसवंत व्यंकोजींच्या ओसरीवर आला. लोखंडी दांडीचा मोठा खटका त्यानं त्यांच्या बोर्डाशेजारी धरून बघितला.

“इंजिनाची वायर नुसती प्लगात खुपसली की झालं, असं लोकांना वाटतं,” तो म्हणाला. “पण तो करंट उलटा खांबावर चढतोय की. वर कुणी लाईन दुरुस्त करत असला तर जागच्या जागी मेला. म्हणून हा खटका. दांडी वर असली तर खांबाची लाईन, खाली ओढली तर इंजिन. दोन्ही एकदम कधीच नाही.”

व्यंकोजींनी आवाज उतरवला. “आणि आमचे दिवे?”

“खटका तुमच्या बोर्डाला जोडायचा म्हटल्यावर तुमचे दिवे लागणारच. ते वगळता येत नाहीत.”

व्यंकोजींनी हिशेब केला. म्हणजे हे उपकार नव्हेत, हा वायरचा नाइलाज. उलट खटका ओढण्यासाठी रोज संध्याकाळी थोरल्यांनाच आपली मनधरणी करावी लागणार. हे त्यांना भलतंच आवडलं. तीन वर्षांत असं सुख मिळालं नव्हतं.

“सरी, चालेल,” ते अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले. “लाव म्हणावं. शेजारधर्म म्हणून देतो जागा.”

खंडोजी खाली वाकून इंजिन पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला करंट गेला. अंगणात इंजिन धडधडलं. पाठोपाठ हाक आली.

“व्यंकू, खटका!”

व्यंकोजी धावले. दांडी खाली ओढली. दोन्ही बल्ब आधी लाल, मग पिवळे झाले. भाग्यलक्ष्मीनं पेटीत हात घालून बघितला, थोडा वेळ तसाच ठेवला. “ऊब आहे हो,” म्हणाली. व्यंकोजींचा जीव भांड्यात पडला. पोरगी मूठ चोखत होती.

मग ते ऐटीत अंगणात आले. थोरल्यांनी जागेबद्दल दोन शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा. बघतात तर खंडोजींच्या खिडकीत कंदील मिणमिणत होता. बाकी सगळं घर काळोखात.

अरे देवा, बसवंतानं घोळ घातला! व्यंकोजींना खरं तर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. माणसानं इंजिन आणायचं, तेल ओतायचं, आणि स्वतः अंधारात बसायचं? त्यांना फार वाईट वाटलं. वहाणा न घालताच ते अंगण ओलांडून गेले आणि तीन वर्षांनी त्या उंबऱ्याशी उभे राहिले.

“वैनी, अण्णांना सांगा, त्या बसवंतानं काहीतरी चुकवलंय. तुमच्याकडे करंट पोचलाच नाही. उद्या सकाळी मीच त्याला धरून आणतो.”

सकवारबाईंनी आतल्या खोलीकडे बघितलं. खंडोजी पाठ फिरवून बसले होते. त्यांनी नको, नको असा हात हलवला. पण सकवारबाईंनी ऐकलं नाही.

“चुकलं काही नाही, भावजी,” त्या म्हणाल्या. “इंजिन स्वल्प लहान आहे, एकाच घराला पुरतं. इकडे तार ओढलेलीच नाही.”