प्रेमाचा सराव

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्या आठवड्यापासून चर्चच्या तरुण संघातले सगळेच दुरुस्तीताईशी चांगले वागू लागले होते.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ती ते सुधारी, म्हणून संघाने तिला हे नाव ठेवले होते. आता तिला कोणी तोडून बोलत नव्हते. वायरमन तिच्यासाठी बाकावर जागा धरी. नर्स तिला घरापर्यंत सोडायला येई. पाळकांची मुलगी हनुवटीखाली हात ठेवून तिचे सगळे ऐकून घेई. कारणाशिवाय काही घडत नाही, हे दुरुस्तीताईला व्यवसायामुळे ठाऊक होते. पण या एका बाबतीत तिने कारण शोधले नाही. परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेतली प्रमुखाची जागा चालून आली, तेव्हा तिने नकार कळवला.

"डोकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली.

"इथे आता माझी माणसं आहेत, आई."

जागा दुसऱ्याला मिळाली.

ईस्टरनंतरच्या रविवारी सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. संघाचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणत, मध्ये उभे राहिले. प्रायश्चित्तकाळात प्रत्येकाने एक व्यक्ती निवडून तिच्यावर प्रेम करण्याचा सराव करायचा होता, आणि या हाताचे त्या हाताला कळू द्यायचे नव्हते. आज अनुभव सांगायचे होते.

"नाव घेऊ नका," दादा म्हणाले. "सरावाचं फळ काय, तेवढंच सांगा."

वायरमन उठला. "माझी व्यक्ती म्हणजे प्रभूने घेतलेली परीक्षाच! मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी त्यात चूक निघायची. पहिल्या आठवड्यात घरी जाऊन उशीला गुद्दे मारायचो. आता मारत नाही."

हशा पिकला. दुरुस्तीताई सगळ्यांत मोठ्याने हसली. त्याच्या साहेबाच्या स्वभावाविषयी तिने ऐकले होते; तोच असणार.

"मी माझ्या व्यक्तीला रोज घरी सोडायचे," नर्स म्हणाली. "अख्खी वाट रक्तातल्या साखरेवर व्याख्यान! एकदा मुद्दाम लांबच्या रस्त्याने नेलं. म्हटलं, संयम वाढू दे."

दुरुस्तीताईचे हसू ओठांवरच राहिले.

पाळकांच्या मुलीने डोळे पुसले. "मी फक्त ऐकायचे. मनात प्रार्थना चालू ठेवली की ते सोसतं, हे मला कळलं."

मग आणखी एक जण उठला, मग आणखी एक. कोणी औषधांचा वास सोसला होता, कोणी तो मोठा आवाज. एकानेही नाव घेतले नाही. प्रत्येक जण स्वतःच्या यशात इतका गढला होता की शेजारच्याच्या वर्णनाकडे कोणाचे लक्ष नव्हते. दादांचा चेहरा समाधानाने उजळला होता.

"आणि तू गं? तू कोणाला निवडलंस?"

दुरुस्तीताई उभी राहिली. "मी शोधलं, दादा. प्रयोगशाळेत, घरी, इथेही. जिच्यावर प्रेम करणं मला जड जावं, अशी व्यक्ती सापडलीच नाही."

कोणीतरी पुटपुटले, "झालं, आता सरावाचीही दुरुस्ती!"

"हा अहंकार आहे, बेटा," दादा हळुवारपणे म्हणाले. "सगळ्यांना जमलं, तुलाच कसं जमलं नाही? पुढच्या वर्षी प्रामाणिकपणे कर."

"हो दादा," ती म्हणाली आणि बसली.

सरावाची अट साधी होती. जिच्यावर प्रेम करणे सर्वांत कठीण वाटते, अशी एकच व्यक्ती प्रत्येकाने निवडायची. घरचे, शेजारचे, कामावरचे कोणीही चालले असते. कोणी कोणाला विचारले नव्हते. सगळ्यांनी तिलाच निवडले होते.