शेवटची खोली

पुतळाबाई दारात उभी राहिली तेव्हा कापलेला शाळिग्राम टेबलावर उघडा पडला होता. तो झाकायलाही रणजीतला वेळ मिळाला नाही.

शाळिग्राम तिच्या देव्हाऱ्यातला. तिचा मुलगा सूरज रणजीतच्या ऑफिसात कामाला होता. साहेबांना असल्या दगडांचा नाद, म्हणून त्याने तो नुसता बघायला दिला होता. पण दगड दिसला की रणजीतचे हात शिवशिवायचे. काल त्याने तो दगड कापायच्या कटरवर धरला आणि मधोमध दोन फाकी केल्या. आता ही म्हातारी मोऱ्याच्या कोळीवाड्यातून उलव्याला त्याच्या घरी आपला देव न्यायला आली होती. रणजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक कबूल करायची सोडून तो शिकवायलाच बसला. हा अमोनाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला जीव, माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, लांबचा भाऊबंद. वाढला की पुढे नवी खोली बांधायचा, मागची भिंत घालून बंद करायचा. स्वतः राहायचा फक्त शेवटच्या खोलीत.

पुतळाबाईला हे अवघड गेलं नाही. घाबरलं की काळी शाई सोडणारं ते माकूल तिने चाळीस वर्षं साफ करून विकलं होतं. तिने एक फाक उचलली, शेवटच्या पोकळ खोलीत बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

“कापला तवा काय आलं?”

काळं पाणी आलं, रणजीत म्हणाला. कापताना पात्यावर पाणी सोडावंच लागतं. दगडाची भुकटी मिसळली, दुसरं काय.

“भुकटी नाय ती, बाला. घाबरला तो.”

मग ती खोलीभर फिरली. सोफ्याखाली वाकून पाहिलं, कपाटामागे पाहिलं, हरवलेलं मांजर शोधावं तसं. रणजीतला हसू यायला हवं होतं. त्याला भीती वाटली. दोन्ही फाकी फडक्यात बांधून त्याने तिच्यापुढे धरल्या आणि हात जोडून माफी मागितली.

तिने त्या घेतल्या नाहीत. डोळे मात्र भरून आले.

“रिकामं घर नेऊन मी काय करू? तो आता तुझ्याकडं हाय.”

तो लपल्या जागेतून बाहेर येईल म्हणून जाण्याआधी तिने मोरीत बादलीभर पाणी काढलं, त्यात दोन मुठी मीठ टाकलं आणि पाणी रोज बदलायला सांगितलं. मग ती रिकाम्या हाताने गेली.

सोमवारी रणजीतला निघायला उशीर झाला होता. तरी त्याने बादली ओतली, नवं पाणी भरलं, मीठ टाकलं आणि मोरीचं दार उघडंच ठेवून ऑफिसला गेला.